तिसऱ्या भेटीचा अहवाल

सामाजिक कार्य सहायकाच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला नऊ जण होते आणि शेवटी जागा एकच भरायची होती. संस्थेने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्यामुळे चहाच्या सुट्टीतही कोणी कोणाला आपली वही दाखवत नसे.

त्याच दिवशी लता सोनवणे मॅडमनी प्रत्येकाला गाव विचारलं. मॅडम या कामात सव्वीस वर्षं होत्या आणि प्रशिक्षणाचा सगळा भार त्यांच्यावर होता. पायलच्या आधी आरोही नावाची मुलगी बसली होती. ती म्हणाली, पेठ, म्हणजे जिल्ह्यातला आदिवासी तालुका. मागच्या रांगेतून सार्थक हळूच म्हणाला, "घ्या, पहिली केस वर्गातच मिळाली." सगळे हसले. आरोहीही हसली. मॅडमनी सार्थककडे रोखून पाहिलं, पण तोवर पायलची पाळी आली होती.

"द्वारका," पायल म्हणाली.

ते खोटं नव्हतं. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत मावशीच्या खोलीवर ती चार वर्षं राहत होती. आडनाव पवार, आणि नाशकात पवार कुठलेही असू शकतात. तिचं गाव सुरगाण्याच्या पुढे जीपने पाऊण तासावर होतं. आईबाप दर दिवाळीनंतर घर बंद करून द्राक्षांच्या मळ्यात कामाला उतरत आणि होळीला परत जात. घरात सगळे कोकणी, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलत. यातलं तिने काही सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

मॅडमचा एक नियम होता, तो त्या दर आठवड्याला सांगत. दिसलं ते लिहा, वाटलं ते घरी ठेवा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट लिहायची असेल तर त्याचं नाव, वय आणि सही किंवा अंगठा हवा. कोणी अहवालात "बिचारी" असा शब्द लिहिला की मॅडम तो लाल पेनाने खोडत आणि बाजूला विचारत, हे कशावरून? पायलच्या वहीत दुसऱ्या महिन्यानंतर लाल पेन उमटलं नाही.

जानेवारीत खरी कामं मिळाली. पायल आणि सार्थकला मिळून एक प्रकरण दिलं. सृष्टी नावाची सात वर्षांची मुलगी २७ डिसेंबरला द्वारका चौकात एकटी सापडली होती. पोलिसांनी तिला शहरातल्या एका बालगृहात पोचवलं. मुलीने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, बापाचं नाव सोमा आणि सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्याचं नाव. बाकी कशालाही ती नकारार्थी मान हलवत होती. घरची चौकशी करून अहवाल द्यायचा आणि तो वाचून बालकल्याण समिती ठरवणार होती की मुलगी आईबापाकडे जाईल की संस्थेत राहील.

तीन भेटी सक्तीच्या होत्या. पहिली २१ जानेवारीला झाली. एसटीने सुरगाणा, तिथून जीप, शेवटी दोन किलोमीटर चाल. घर कारवीच्या कुडाचं होतं आणि दाराला कुलूप होतं. सार्थकने कुलपाचा फोटो काढला, तारीख-वेळेसकट. परत येताना जीप पायलच्या गावाच्या फाट्यावरून गेली. तिच्याही घराला तेव्हा कुलूप होतं. सार्थक टपावर बांधलेल्या कोंबड्यांवरून काहीतरी विनोद सांगत होता, आणि ती खिडकीबाहेर न बघता त्याच्याकडे बघत राहिली.

दुसरी भेट ३ फेब्रुवारीला. पुन्हा कुलूप. सार्थक फोटो पाठवायला मोबाइलला रेंज शोधत चढावर गेला तेव्हा पायल घराच्या मागे गेली. कुडाचं लिंपण एका जागी गळलं होतं. तिथून तिने आत पाहिलं. भिंतीशी कणगी उभी होती, धान्य साठवायची बांबूची कणगी, बाहेरून शेणाने नीट लिंपलेली आणि तोंड पळसाच्या पानांनी बंद करून वरून पुन्हा लिंपलेलं. ते नागलीचं, म्हणजे नाचणीचं बियाणं होतं. असं बंद केलेलं बियाणं पेरणीपर्यंत कोणी उघडत नाही आणि ते मागे ठेवून कोणी कायमचं गाव सोडत नाही. हे कळायला तिला क्षणही लागला नाही. तिच्या आईने दिवाळीनंतर तेच केलं होतं.

"काय दिसलं?" सार्थकने विचारलं.

"काही नाही. रिकामं आहे."

तिने तेव्हा स्वतःला असं समजावलं की हे लिहायचं तर कशावरून हे सांगावं लागेल, आणि कशावरून हे सांगायचं तर स्वतःचं गाव सांगावं लागेल. पाच महिने लपवलेलं गाव आता सांगितलं तर आपल्या माणसांची बाजू घेते असं होईल. जागा एकच होती.

तिसरी भेट ११ फेब्रुवारीला झाली. या वेळी शेजारी एक म्हातारा अंगणात दोर वळत बसलेला भेटला. त्याचं नाव काळू. पायलने त्याला शुद्ध मराठीत विचारलं की सोमाचं कुटुंब कुठे आहे. म्हातारा म्हणाला, द्राक्षाला गेलंय, होळीला येतील. कुठल्या गावाला? ते त्याला ठाऊक नव्हतं. सायखेड्याकडे असतील, नाहीतर दिंडोरीकडे. सार्थकने लगेच कागद आणि शाईचा पॅड काढला. म्हाताऱ्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"अंगठा नाय देणार," तो म्हणाला. "मागं एकानं घेतला, तर नावावर तीन घरकुलं निघाली. अजून कुडातच राहतोय."

सार्थकने त्याला दहा मिनिटं समजावलं, सरकारी काम आहे, पोरीच्या भल्याचं आहे. म्हातारा त्याच्याकडे बघेना. तो पायलकडे बघत होता. तिने कोकणीत एक वाक्य बोललं असतं, आपण कोणाची, कुठल्या पाड्याची एवढं सांगितलं असतं, तरी त्याने हात बाहेर काढला असता. तिला ते माहीत होतं. सार्थक पॅडचं झाकण लावत शेजारीच उभा होता. ती काही बोलली नाही.

अहवाल तिने लिहिला. तीन भेटींच्या तारखा, वेळा, फोटो. घर तिन्ही वेळा बंद. आत सध्या कोणी वावरत असल्याच्या खुणा नाहीत. शेजाऱ्याने लेखी माहिती देण्यास नकार दिला. पालकांनी मुलगी हरवल्याची तक्रार सुरगाणा पोलिसांत दिलेली नाही, ही शेवटची ओळ सार्थकने फोनवरून खात्री करून घालायला लावली. ती खरी होती. एकही वाक्य खोटं नव्हतं. मॅडमनी अहवाल दोनदा वाचला आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. असं लिहायला मला आठ वर्षं लागली, असं त्या म्हणाल्या.

समितीने २० फेब्रुवारीला निर्णय दिला. पालक आढळले नाहीत, तक्रारही नाही, सबब मुलीची दीर्घ मुदतीसाठी सोय करावी. शहरातल्या बालगृहात दीर्घ मुदतीची जागा नव्हती. २४ तारखेला सृष्टीला दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं, तीनशे किलोमीटर दूर. एक मार्चला पायलला नेमणुकीचं पत्र मिळालं. सार्थकने सगळ्यांना वडापाव खाऊ घातला आणि म्हणाला, कुलपाचे फोटो माझे होते हे विसरू नका.

होळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई कार्यालयात आली. पंचविशीची असेल. हातात कापडी पिशवी, पायात पुरुषाच्या चपला. ती दारातल्या शिपायाला काहीतरी सांगत होती आणि त्याला ते कळत नव्हतं. टेबलामागे बसलेल्या पायलला मात्र पहिलं वाक्य स्पष्ट ऐकू आलं. "मानी पोसी कठ आहा?" माझी मुलगी कुठे आहे?

ती सगुणा, सृष्टीची आई. मोडक्या मराठीत तिने मॅडमना जे सांगितलं ते असं. मुलगी आश्रमशाळेत होती. आईबाप निश्चिंत मनाने सायखेड्याच्या मळ्यात होते, कारण मुलगी शाळेत जेवते, झोपते. नाताळात मुलगी शाळेतून निघून आईला शोधायला जीपमध्ये बसली. शाळेने कोणाला कळवलं नाही, हजेरीवर तिचं नाव चालूच राहिलं. नवराबायको होळीला गावी गेले, मुलीला आणायला शाळेत गेले, तेव्हा तिथल्या पोरींकडून कळलं. चौकशीला कोणी आलं होतं हे काळूने सांगितलं, आणि विचारत विचारत ती इथे पोचली. शाळेचं नाव मुलीने कोणालाच का सांगितलं नाही, असं मॅडमनी विचारलं. पुन्हा तिथेच नेऊन टाकतील म्हणून, असं सगुणा म्हणाली. मग तिने पदराच्या गाठीतून मुलीचं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

मॅडमनी तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. समितीचा आदेश झाला होता. तो फिरवायचा तर नवा अर्ज, मुलगी आता ज्या जिल्ह्यात आहे तिथे नवी चौकशी, आणि यात वर्ष सहज जाईल. मॅडम हे स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. पायल उभी होती.

मग तिने सांगितलं. कणगी, पळसाची पानं, काळूचं होळीला येतील हे म्हणणं, आणि आपलं गाव. सांगायला चार मिनिटं लागली.

"हे कधी पाहिलंस?"

"तीन फेब्रुवारीला."

"मग अहवालात का नाही?"

मॅडमनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून तिच्यासमोर सरकवला.

"नजरचूक झाली असं लिहिलंस तर नोकरी राहील," त्या म्हणाल्या. "पण नजरचुकीवर समिती आदेश फिरवत नाही. माहिती असताना दडवली, असं लिहिलंस तर त्यांना प्रकरण उघडावंच लागेल. मग तू इथे राहणार नाहीस, आणि दुसरीकडे कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन."

"मॅडम, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?"

"मी तुझ्या जागी नाही. आणि हे तू मला विचारू नयेस."

पायलने लिहिलं. कणगी पाहिली. तिचा अर्थ मला माहीत होता, कारण मी त्याच भागातली आहे. शेजाऱ्याने होळीला येतील असं सांगितलं होतं. मी कोकणी बोलले असते तर त्याने अंगठा दिला असता. मी बोलले नाही. खाली सही आणि तारीख. मॅडमनी कागद वाचला, नेहमीच्या सवयीने लाल पेन हातात घेतलं, आणि काही न खोडता खाली ठेवलं. दोन वाजता तो कागद समितीकडे गेला. साडेचारला फोन आला की प्रकरण पुन्हा घेतलं जाईल, पण दुसऱ्या जिल्ह्यातून फाईल यायची असल्याने तारीख २८ एप्रिल. तोवर मुलगी आहे तिथेच राहील आणि भेटायचं असेल तर त्या संस्थेची आधी परवानगी लागेल.

हे सगुणाला समजावून सांगणं भाग होतं. मॅडम स्वतः उठल्या, पण पायल म्हणाली, मी सांगते. ती बाहेर जाऊन बाकावर सगुणाशेजारी बसली आणि कोकणीत बोलू लागली. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र छापून घ्यायला आलेला सार्थक प्रिंटरजवळ उभा होता. त्याने मान वळवून पाहिलं आणि कागद काढायचे तसेच राहिले. सगुणाने सगळं ऐकलं. पायलने स्वतःचंही सांगितलं, काय पाहिलं होतं आणि काय लिहिलं नव्हतं, ते दोन्ही. सगुणा रडली नाही. तिने तारीख दोनदा म्हणून घेतली. मग पायलला तिच्या पाड्याचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. पायलने सांगितलं. पायलच्या चुलत्याला सगुणाची आतेबहीण दिली होती.

"मंग तू तर आमचीच," सगुणा म्हणाली.

आणि पिशवी उचलून, पायलच्या शेजारून उठून ती समोरच्या बाकावर जाऊन बसली.