जिभेला लावलेली वडी

"मावशी, मिठाची बरणी उपडी केलीत की काय भाजीत?" शिवणवाली शेजारीण घाईघाईने पाणी पीत म्हणाली.

साबणवाल्या मावशींनी चमचाभर भाजी तोंडात टाकली. खारट नाही, अळणी नाही, काहीच नाही. मागच्या महिन्यातल्या तापापासून तोंडाला चव नव्हती, पण वयाच्या माथी खापर फोडून त्या मोकळ्या झाल्या होत्या. आता त्यांनी हिरवी मिरची कचकन चावली. पाणी शेजारणीच्याच डोळ्यांत आलं.

"काहीच लागत नाही गं," मावशी म्हणाल्या, आणि ताडकन उठल्या. साबण!

कोरड्या, भेगाळ कातडीच्या लोकांसाठी त्या तीस वर्षं घरी साबण करत होत्या. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतायचं, घोटायचं, वड्या पाडून महिनाभर सुकवायच्या. मग वडी जिभेला लावायची. झोंबली तर कॉस्टिक शिल्लक आहे, नाही झोंबली तर तान्ह्या बाळालाही चालेल. लोक रंग बदलणारा कागद लावून तपासतात म्हणे. "माझी जीभ काय भाड्याने दिलीय?" असं म्हणून मावशी हसायच्या.

नव्या घाण्यातली पहिली वडी काल लेकीकडे गेली होती, अडीच महिन्यांच्या नातीसाठी. तिच्या गालाला नुसतं बोट लागलं तरी लाल व्हायचं.

लेक फोन उचलेना. नातीची आंघोळ दहाला, आणि दहाला पाचच मिनिटं कमी होती. मावशी निघाल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात शेजारणीची. मनगटावरचा कॉस्टिकचा जुना पांढरा डाग त्यांना सारखा दिसत होता. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी त्यांची गत झाली. जिन्यातच बाळाचं रडणं ऐकू आलं.

"साबण लावलास?" त्या दारातूनच ओरडल्या.

"नुसतं पाणी घातलंय. भूक लागलीय तिला. आई, बस आधी," टॉवेलात गुंडाळलेली पोर छातीशी धरून लेक म्हणाली. "ती वडी झोंबते. काल आल्या आल्या मी जिभेला लावली. आणखी कुणाला दिलीस?"

"नाही, पहिली हिलाच. पण तू का लावलीस?"

"महिनाभर तुझ्या डब्यातली भाजी खातेय ना मी! वर तांब्याभर पाणी पिते."

"मग बोलली का नाहीस?"

"जीभ रेटेना गं."

मावशी ओक्साबोक्शी रडल्या. पोर गालाशी धरून तिचे हात, मान, पाठ पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग फळीवरची वडी त्यांनी उचलली, जिभेला लावली, थोडा वेळ थांबल्या. ओला दगड चाटावा तसं वाटलं.

त्यांनी वडीची दुसरी बाजू लेकीपुढे धरली. "लाव. अगदी टोकाला."

लेकीने जीभ लावली आणि तोंड वेडंवाकडं केलं. मावशी तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या.

"अजून पंधरा दिवस ठेवू," त्या म्हणाल्या. "मग तू येऊन सांग."