पुतळ्याची जागा

काकांनी फडका उचलला आणि फळीवर ओल्या रंगात काढलेला पुतळा पुसून टाकला.

"अहो, पुसलात कशाला?" चित्रकला शिकवणारे मास्तर म्हणाले. "चांगला उभा राहिला होता की."

"उभा कसला! पायात गोळे आल्यासारखा दिसत होता."

मास्तर हसले. वयाने ते काकांच्या मुलाएवढे, त्याचेच मित्र. काकांचा सगळा जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेलेला. अवजड पेट्या अलगद उतरवणाऱ्या त्या हातांना चिमटीतला ब्रश काही केल्या ऐकत नव्हता. तरी वर्षभर एकही रविवार त्यांनी चुकवला नव्हता.

कारण घरातले ते चित्र. मुलाने बंदर रंगवायला घेतले होते. बोटी झाल्या, गोदामे झाली, मागच्या उंच इमारतींच्या खिडक्यासुद्धा झाल्या. धक्क्यावरच्या भल्याथोरल्या दगडी पुतळ्याची जागा तेवढी पांढरी होती, आणि तापाचे निमित्त होऊन मुलगा गेला. मास्तर म्हणाले होते, मी पुरे करून देतो. पण परक्याचा हात त्या चित्राला लागलेला काकांना सोसला नसता. घरचा हात तयार करणे आले, मग कितीही वेळ लागो.

"म्हातारपणी हे काय नवीन खूळ?" असे आधी म्हणणारी बायको पुढे हात धुऊन मागे लागली होती. "ते कधी पुरं करताय? जेवायला बसलं की नेमकी ती पांढरी जागा समोर येते. घास उतरत नाही माझा. एकदा होऊ दे आणि भिंतीवर लावा."

काकांनी फळीवर पुन्हा पुतळा काढला. पाय, अंगरखा, समुद्राकडे उंचावलेला हात. मास्तर बराच वेळ बघत राहिले.

"काका, आता इथे रंग फुकट घालवू नका. घरी जा आणि ते चित्र पुरं करा."

घरी बायकोने चित्रावरची धूळ पुसून ठेवली होती. जेवणे लवकर उरकली. भर दुपारी काकांनी दगडाचा करडा रंग मिसळला. बायको चष्मा लावून शेजारी वाकली. इतक्या जवळून तिने ती जागा कधी पाहिलीच नव्हती. पांढऱ्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या.

"हा हात त्यानं खोडून परत काढलाय का?"

"हो. आधी जरा खाली आला होता."

"आणि हे काळपट?"

"बोट लागलंय त्याचं."

काकांनी ब्रश उचलला.

"रंग दिल्यावर या रेघा दिसतील ना?" तिने विचारले.

"नाही. झाकल्या जातील."

ब्रश टेकणार एवढ्यात तिने त्यांचे मनगट धरले.

"आज राहू द्या," ती म्हणाली. "उजेड कमी आहे."

खिडकीतून ऊन थेट चित्रावर पडले होते. काकांनी एकदा उन्हाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे.

"हो," ते म्हणाले. "मलाही नीट दिसत नाहीये."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा न काढता चित्रासमोर बसली.