मिटलेली तक्रार

सकाळपासून चार वेळा खुर्चीतून उठलो आणि चार वेळा बसलो. अकराला सगळ्या शाळांत एकदमच परीक्षा. बाई वाचून दाखवतील ते ऐकून उत्तरं लिहायची. माझी ताई शाळेत शिकवते; तिच्या वर्गातल्या एका मुलीला ऐकू येत नाही. बाईंचं बोलणं टॅबवर अक्षरांत उमटलं, तरच तिला प्रश्न कळणार. आणि टॅब गेले सात आठवडे ढिम्म.

"त्याच ऑफिसात बसतोस ना रे? की नुसत्या माशा मारतोस?" ताई फोनवर कडाडली.

काय सांगणार, कप्पाळ! जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे टॅब आमच्या मजल्यावरून चालतात. भिंतीच्या अलीकडे आम्ही नेटवर्कवाले, पलीकडे अ‍ॅपवाले. तक्रार पलीकडे ढकलली की आपल्या खात्यात ती 'मिटली', अशी आमची झकास पद्धत. महिनाअखेरीस ज्यांच्या जास्त मिटल्या, त्यांची साहेब पाठ थोपटतात. या मुलीची तक्रार सात वेळा इकडून तिकडे गेली होती. त्यातल्या चार वेळा मीच ढकलली होती, न वाचता. स्वतःचीच चीड आली.

पावणेअकराला लॅपटॉप उचलला आणि पलीकडे गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"तक्रार टाकलीत का?" अ‍ॅपवाल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"मॅडम, हात जोडतो. तुम्ही अ‍ॅप चढवा, मी त्याच वेळी नेटवर्क उघडतो. दोन्ही एकदम झालं तरच चालतं."

"हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही!"

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं? आज सकाळी जुन्या नोंदी उपसल्या तेव्हा कळलं."

चार मिनिटं लागली. फक्त चार!

ताईचा फोन आला. "अरे, उमटलं! माझं 'गप्प बसा'सुद्धा उमटलं. पोरगी खुदुखुदू हसतेय."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी मात्र स्क्रीन माझ्याकडे वळवला. तीच अडचण, वेगवेगळ्या शाळा, आणखी एकतीस मुलं. सगळ्या तक्रारी मिटलेल्या. त्यातल्या एकाही मुलाच्या बाईंचा भाऊ आमच्या ऑफिसात नव्हता.

घड्याळात दहा छप्पन्न.

"एकच टॅब होईल आता," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माउस यादीवर नेला. "कुणाचा करू?"