कॅलेंडरमागची पाटी

मी पाटी बोलतेय, पालीच्या बाजारातल्या देशी दारूच्या दुकानातली. इतकी वर्षं तोंड झाकलेलं होतं, म्हणून आवाज जरा बसलाय.

रत्नागिरीच्या एका पेंटरनं मला रंगवलं. 'पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकले जाणार नाही.' सरकारचा हुकूमच होता तसा. काय तोरा होता माझा! वाटलं, आता गावची पोरं माझ्या जिवावर सुखरूप राहणार.

कसलं काय! महिनाभरात मालक लवूशेठनी माझ्यावर कॅलेंडर टांगलं. एक्साइजचे साहेब यायचे म्हटलं की ते उतरायचं, त्यांची गाडी वळली की पुन्हा माझ्या तोंडावर. मागून मला नुसतं ऐकू यायचं. भर गर्दीत इतकं एकटं कुणी पडू नये.

एकदा कोवळा आवाज आला. दहावीतला समर्थ. शेताच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा कोंबडं आणि बाटली देतात, ती राखण. तिच्यासाठी आईनं धाडलं होतं. लवूशेठ म्हणाले, "देवाच्या बाटलीला कसलं आलंय वय?" आणि दिली.

पुढच्याच आठवड्यात तोच आवाज, "राखणीची द्या." मग दर शनिवारी. अहो, राखण वर्षाची एकदा, हे लवूशेठना ठाऊक नव्हतं होय? मी पंख्याच्या वाऱ्यावर जीव खाऊन खडखडले. त्यांनी पंखा बंद केला.

परवा त्याची आई राजश्री तावातावानं आली. समर्थ पिऊन बेशुद्ध सापडला होता, चार दिवस इस्पितळात होता. पोराला दारू दिलीतच कशी, म्हणून ती भांडायला लागली. पहिली बाटली तुम्हीच मागवलीत, असं म्हणत लवूशेठनी राखणीची तारीख दाखवायला कॅलेंडर खाली काढलं, आणि मी उघडी पडले.

तिनं मला अक्षर अक्षर लावून वाचलं. भांडण तिथंच थांबलं.

"खरंच, पयल्यांदा मीच धाडला त्याला," ती म्हणाली आणि फळीला धरून खाली बसली. मला फार वाईट वाटलं तिचं.

आता कॅलेंडर समोरच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठ करून त्यात तारखा बघतात. बायांनो, बाबांनो, देवाचं काम असलं तरी बाटलीला पोराला धाडू नका, स्वतः या. आलात की मला वाचा.

समर्थ आता दुकानापुढच्या रस्त्यानं मान खाली घालून शाळेत जातो. ज्याच्यासाठी मला रंगवलं, त्यानं मला अजून एकदाही पाहिलेलं नाही.