न पाठवलेला इशारा

वल्लरी यवतमाळहून शिकायला पुण्यात आली आणि नोकरी लागल्यावर इथलीच झाली. कुणाच्या संगणकांवर हल्ला झाला की जाऊन चोर कुठून शिरला ते शोधायचं, हे तिच्या कंपनीचं काम. पण तिचा खरा जीव होता तो तिच्या जुन्या प्राध्यापकांनी, आनंद सरांनी, उभ्या केलेल्या गटात. कॉलेजं, दवाखाने, लहानमोठ्या कंपन्या, सगळ्या मिळून तेवीस संस्था. ज्याच्याकडे हल्ला होईल त्यानं चोराचे इंटरनेटवरचे पत्ते आणि खुणा बाकीच्यांना कळवायच्या, म्हणजे त्यांना आपापली दारं वेळेत लावून घेता येतील.

नारायण पेठेतलं ऋचाचं वाचा-उपचार केंद्र या गटात आलं ते वल्लरीमुळेच. दोघी चार वर्षं एका भाड्याच्या खोलीत राहिलेल्या.

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" ऋचानं विचारलं होतं.

"ते चोर ठरवेल. तू नुसती गटात ये. काही दिसलं की सगळ्यात आधी तुला सांगेन."

घशाच्या कर्करोगामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्यांचा आवाज ऋचा ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे संगणकाला त्यांच्याच आवाजात बोलता यावं, म्हणून. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या संभाजीरावांचाही आवाज तिनं असाच घेतला होता. रोपवाटिका चालवणारा उंचापुरा माणूस. ऑपरेशननंतर पाच महिन्यांतच ते गेले. तेव्हापासून त्यांची बायको, शकूबाई, महिन्यातून एकदा केंद्रात यायच्या, कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि अर्ध्या तासानं उठून जायच्या. ऋचा घरी न्यायला कॉपी द्यायला तयार होती. त्यांनीच नको म्हटलं. "घरात असलं तर दिसभर तेच ऐकत बसंन. हितंच ऱ्हाऊ द्या."

फेब्रुवारीत एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबवर हल्ला झाला. सगळ्या फाइलींना कुलूप आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. वल्लरीनं दोन दिवसांत चोराची वाट शोधली. बाहेरून संगणक चालवण्यासाठी वापरतात त्या एका सॉफ्टवेअरमधल्या फटीतून तो आत आला होता. तिनं गटासाठी अकरा ओळींचा इशारा लिहिला, त्यात लॅबचं नाव कुठंच येऊ दिलं नाही आणि मंजुरीसाठी आपल्या साहेबांकडे, रणजितकडे, नेला.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला. "पण लॅबची लेखी परवानगी लागेल. घाबरलेत ते. जरा थांब."

"सर, हेच लोक आता दुसरीकडे जातील."

"जातील. पण गुप्ततेच्या करारावर सही तुझी आहे, माझीही आहे."

रणजित काही वाईट माणूस नव्हता. त्यानं लॅबला दोनदा मेल केली, वल्लरीनं त्याला तीनदा आठवण करून दिली. सहाव्या दिवशी ती ऋचाला भेटलीसुद्धा. चहा घेताना ऋचा बिबवेवाडीत बघितलेल्या फ्लॅटबद्दल भरभरून बोलत होती. 'ते सॉफ्टवेअर आज बंद कर,' एवढंच वाक्य वल्लरीच्या ओठांवर येऊन थांबलं. तिला करारावरची सही आठवली. आणखी एक-दोन दिवसांत परवानगी येईलच, असं मनाशी म्हणत तिनं चहा संपवला.

दहाव्या दिवशी सकाळी ऋचाचा फोन आला. "वल्लू, सगळ्या फाइली बंद पडल्यात. काहीतरी चिठ्ठी आलीये. येतेस?"

वल्लरी पोचली तेव्हा ऋचा पडद्यासमोर बसून होती. चिठ्ठीतला मजकूर तोच होता. बॅकअपची डिस्क जोडलेलीच राहिली होती, तीही गेली. वल्लरीनं नोंदी उघडल्या आणि शिरकाव कुठून झाला तो पत्ता तिला दिसला. हा पत्ता तिला तोंडपाठ होता.

"सुटेल ना गं?" ऋचानं विचारलं.

"नाही." मग ती म्हणाली, "ऋचा, मला हे माहीत होतं. नऊ दिवसांपासून."

"म्हणजे आपण चहा घेतला, तेव्हासुद्धा?"

"हो. परवानगी नव्हती."

"बरं." ऋचानं समोरचे कागद सारखे केले. "चहाला तेवढी मिळाली होती वाटतं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शकूबाईंचा दिवस होता. त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि हेडफोनकडे हात नेला. सांगायचं काम ऋचानं वल्लरीवर सोडलं होतं. वल्लरी त्यांच्यासमोर खाली बसली आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत तिनं सगळं सांगितलं, स्वतःचं गप्प बसणंही.

"मंजी आता न्हाईच का?" शकूबाईंनी विचारलं.

"नाही."

"त्यात त्ये वाक्यं वाचत्यात. बस किती वाजता हाय, आज हवा कशी हाय. त्ये मी कुटं ऐकती? मधीच त्यास्नी ठसका लागला हुता. तवा म्हनले, शके, पानी आन जरा. मी तेवडंच ऐकाया येत हुते." त्यांनी पदर सारखा केला. "तुमी मुद्दाम केलं न्हाई, पोरी. पर सांगायचं हुतं."

वल्लरी तशीच ऑफिसात गेली. कुणालाही न विचारता तिनं त्या अकरा ओळी गटाला पाठवल्या. मग रणजितला जाऊन सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले. "मला हे वर कळवावं लागेल," तो म्हणाला. शुक्रवारपर्यंत तिची नोकरी गेली.

दुसऱ्या आठवड्यात आनंद सरांचा फोन आला. तो पत्ता चार संस्थांच्या नोंदींत सापडला होता. त्यातलं एक मुलांचं हॉस्पिटल होतं. चौघांनीही वेळेत दारं लावली. गटानं नियमही बदलला. नाव गाळून इशारा एका दिवसात द्यायचा, त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही. "तुझ्यामुळे झालं," सर म्हणाले. तिनं बरं म्हणून फोन ठेवला आणि ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

ऋचानं तिचे फोन घेणं बंद केलं. एकदा फक्त मेसेज आला, की कुलूप उघडायचे सगळे प्रयत्न संपले. खाली नाव नव्हतं.

एप्रिलमध्ये वल्लरी मांजरीला गेली. त्याआधी तिनं शकूबाईंच्या भाच्याला, दिराला, गावातल्या दोघातिघांना विचारून संभाजीरावांचा कुठं एखादा व्हिडिओ आहे का ते धुंडाळलं होतं. एकच मिळाला, भाचीच्या लग्नातला. शकूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांनी तिला पाट दिला, पाणी दिलं.

वल्लरीनं फोन पुढे धरला. मांडवात बँड जोरात वाजत होता. पिवळ्या फेट्यातले संभाजीराव कुणाला तरी हात करून काही सांगत होते. बँडच्या आवाजात शब्द एकही ऐकू येत नव्हता.

"मी बँडचा आवाज काढून बघितला," वल्लरी म्हणाली. "खाली काहीच राहत नाही."

शकूबाईंनी हात पदराला पुसले आणि फोन जवळ घेतला. "ओठ हालत्यात," त्या म्हणाल्या. "परत लावा."

वल्लरीनं परत लावला.