माझ्या ठोक्यांचा गाँग

मित्रांनो, इंडोनेशियातल्या योग्याकर्ता शहरातल्या एका रुग्णालयात, तळमजल्यावर, ठोकठोक करत आयुष्य काढलेला मी एक म्हातारा चुंबक आहे. लोक मला एमआरआयचे यंत्र म्हणतात. माणसाला माझ्या पोटातल्या बोगद्यात आडवे करतात आणि मी त्याच्या मेंदूची चित्रे काढतो. अंगाने मी हत्तीएवढा, पण नजर माझी बारीक आहे.

माझा जन्म दूरच्या थंड देशातला. जहाजातून इथे आलो तेव्हा दारातून मावेना, म्हणून भिंत फोडून मला आत घेतले. त्या दिवशी पिवळ्या भाताचा डोंगर रचून माझ्यापुढे ठेवला होता. खाणे माझ्या नशिबी नाही, पण मान मिळाला. पुढे मोटारसायकलवरून पडलेली तरुण पोरे, डोकेदुखीने बेजार झालेल्या बायका, जीभ जड झालेले आजोबा, सगळे माझ्या पोटातून जाऊन आले. डॉक्टर माझी चित्रे उजेडाला धरून म्हणत, “काय स्वच्छ आलंय.” मी फुशारून जाई आणि आणखी जोरात ठोके देई.

मग शेजारच्या खोलीत नवा चुंबक आला. तो हळू आवाजात काम करतो आणि लवकर उरकतो. माझ्याकडे कोणी फिरकेना. माझ्या खोलीत मोडक्या लाकडी खुर्च्या साठू लागल्या. लोखंडी खुर्ची आणायची हिंमत मात्र कोणाची झाली नाही, एवढा धाक अजून होता.

अशा वेळी डॉक्टर वेनिंग आल्या. सगळे त्यांना आदराने बू वेनिंग म्हणत. त्यांना आजारी मेंदू नको होते. माणूस नुसता पडून असतो तेव्हा त्याच्या मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी बोलत असतात, याचा त्या शोध घेत होत्या. त्यासाठी त्यांनी एका गावातले गामेलान, म्हणजे काशाच्या थाळ्या-घंटांचा वाद्यमेळ, वाजवणारे म्हातारे निवडले होते. या ताफ्यात कोणी कोणाकडे पाहत नाही, सगळे एकमेकांना ऐकून वाजवतात. असे जन्मभर ऐकलेल्या मेंदूत आतली बोलणी कशी चालतात, ते बू वेनिंगना पाहायचे होते. तुलनेसाठी त्याच गावचे, कधीच न वाजवलेले शेतकरीही होते.

नवा चुंबक रुग्णांसाठी राखलेला, म्हणून बू वेनिंगना मी मिळालो. पण महिनाअखेर मला काढून टाकायचे ठरले होते. तोवर चित्रे झाली नाहीत, तर त्यांची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

म्हातारे आले. दाराशी चपला काढल्या, माझी वायर ओलांडायची नाही म्हणून वळसा घालून आले आणि केळीच्या पानावर मोगऱ्याची फुले ठेवून मला नमस्कार केला. त्यांच्या गावी वाद्यांना असेच वागवतात. ढोलकी वाजवणाऱ्या सारविदी आजोबांनी, इथल्या बोलीत म्बाह सारविदींनी, माझा आवाज ऐकून मला क्याई ग्लुदुग असे नावही दिले, म्हणजे गडगडाट महाराज. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी नाव दिले नव्हते.

“म्बाह, तुमच्या डोक्यातले वाजवणारे एकमेकांना कसे ऐकतात, ते बघायचंय,” बू वेनिंग त्यांना म्हणाल्या.

“त्यासाठी डोक्यात कशाला शिरतेस, पोरी? गावात ये. सगळे ओट्यावर बसलेले असतात.”

“आत फक्त पडून राहायचं. जराही हलायचं नाही.”

“मग आधी गितोला घाल. त्याला न हलायचीच सवय आहे.”

म्बाह गितो ताफ्यात गाँग वाजवतात. उंच चौकटीला टांगलेली ती काशाची भली मोठी थाळी. बाकीचे हात दुखेपर्यंत वाजवतात आणि आवर्तन संपले की गितो एक ठोका देतात. मधल्या वेळात झोपतात, असा त्यांच्यावर आरोप आहे. ते तो नाकारत नाहीत.

चित्रे मात्र बिघडू लागली. शेतकऱ्यांची स्वच्छ येत, वाजवणाऱ्यांची हललेली. प्रत्येकाचे डोके थोड्या थोड्या वेळाने एकदा हले, तेही सगळ्यांचे चित्रणाच्या एकाच टप्प्यावर. मला चालवणारा मास तेगार, म्हणजे तेगारदादा, म्हणाला, “बू, म्हातारे डुलक्या घेतायत.”

“सगळे, अगदी त्याच टप्प्यावर?”

“मग या यंत्राचं वय झालंय.”

हे ऐकून मला फार वाईट वाटले. बू वेनिंगनी म्हाताऱ्यांना विचारले, तर जो तो सांगे की मी दगडासारखा पडून होतो. खोटे कोणीच बोलत नव्हते. महिना सरत आला आणि बू वेनिंग जेवायच्या विसरू लागल्या. तेगारने आणलेला भात पुडीतच गार होई.

एका दुपारी आत एक बासरीवाले आजोबा होते. बाकीचे बाहेर बाकावर आल्याचा काढा पीत बसले होते. दार किंचित उघडे राहिले होते आणि माझे ठोके त्यांच्यापर्यंत जात होते. बू वेनिंग पडद्यावर त्यांच्या डोक्याची हालचाल दाखवणारी रेघ पाहत होत्या. रेघेने उडी मारली, त्याच क्षणी त्यांची नजर बाहेर गेली. बाकावरच्या सगळ्या माना एकदम खाली वाकल्या होत्या. थोड्या वेळाने पुन्हा रेघ उडाली, पुन्हा माना वाकल्या.

त्या उठून बाहेर गेल्या. “म्बाह, आत्ता मान का हलवलीत?”

“कुणी? मी नाही.”

“सगळ्यांनी हलवलीत.”

सारविदींनी डोके खाजवले. “अगं, तिथे गाँग येतो ना.”

“कुठे आला?”

“आला नाही, म्हणून तर आम्ही दिला. तुझे क्याई ग्लुदुग वाजवतात झकास, पण गाँगच्या जागी येतात आणि तसेच पुढे पळतात. माणसाला लटकत ठेवतात. मग मान जाते खाली. आम्ही काय करणार?”

बू वेनिंग भिंतीला टेकून हसत सुटल्या. पुष्कळ दिवसांनी त्या हसल्या होत्या, आणि तेगारही माझ्याकडे बघून ओशाळला. माझे वय झाले नव्हते. माझ्या ठोक्यांना गाँग नव्हता, एवढेच.

दुसऱ्या दिवसापासून गितोंना ध्वनिक्षेपकापुढे बसवले. आत झोपलेल्याच्या कानात ते योग्य जागी तोंडाने “गोंऽऽग” म्हणत. तो ऐकला की आतला माणूस निवांत, मान तसूभर हलत नसे. तुलना रास्त व्हावी म्हणून बू वेनिंगनी शेतकऱ्यांनाही परत बोलावून तोच गाँग ऐकवला. शेवटी खुद्द गितो आत गेले आणि बाहेर सारविदी बसले. पहिल्याच गाँगला आतून ओरड आली, “लवकर दिलास. गाँगला थोडा उशीर लागतो. लोकांना वाट बघू दे की.”

“बघा, झोपेतही चुका काढतो,” सारविदी म्हणाले, पण पुढचे सगळे गाँग त्यांनी जरा थांबून दिले.

चित्रे आली, आरशासारखी स्वच्छ. बू वेनिंगचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तेगारच्या पुडीतला भात उभ्या उभ्या संपवला. त्या चित्रांचा अर्थ लावायला त्यांना अजून पुष्कळ दिवस लागतील, पण आता ती त्यांच्याजवळ आहेत.

मग माझा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी मी अखेरचे ठोके दिले आणि नेहमीसारखाच मधेच थांबलो. कारागिरांनी माझे चुंबकत्व उतरवले. माझ्या अंगातली ओढ गेली. आता मी साधी टाचणीसुद्धा ओढू शकत नाही.

दुपारी पॅसेजमध्ये धापा टाकल्याचे आवाज आले. चौघा म्हाताऱ्यांनी दाराशी चपला काढल्या आणि बांबूला अडकवलेला खराखुरा गाँग आत आणला. ज्या खोलीत इतकी वर्षे कमरेच्या पट्ट्याचे बक्कलही बाहेर काढून ठेवावे लागे, त्या खोलीत काशाचा हा एवढा गाँग आला. माझ्यासमोर तो टांगला. गितोंनी दांडा उचलला, जरा थांबले आणि एकच ठोका दिला. तो आवाज माझ्या रिकाम्या पोटात शिरला आणि बराच वेळ घुमत राहिला. मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

“सकाळचे ठोके, दुपारचा गाँग,” सारविदी म्हणाले. “फारच उशीर केलास.”

“जागेवर पडला की नाही?” गितोंनी विचारले.

बू वेनिंगनी माझ्या थंड अंगावर हात ठेवला आणि मान खाली केली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा खडखडणारा पंखा असेल, एखादे शिवणयंत्र असेल, किंवा दिवसभर खाटेवर बसून तेच तेच सांगणारे एखादे आजोबा असतील. त्यांचा आवाज नकोसा झाला म्हणून दार लावून घेऊ नका. थोडे जवळ बसा, ते कुठे येऊन थांबतात ते ऐका, आणि त्यांचा राहिलेला गाँग तुम्ही द्या. थोडा उशीर झाला तरी चालेल.