परतीची चाल

उचगावात पोरगी सासरी निघाली की माझ्या वडिलांची मशक वाजायची. मशक म्हणजे बॅगपाइप, काखेत पिशवी धरून फुंकायची. वरातीला डॉल्बी लावा नाहीतर ताशा, पाठवणीला मात्र आबांचीच मशक आणि तीच एक संथ चाल. ती ऐकून रडली नाही अशी नवरी गावानं पाहिली नाही. माझ्याही पाठवणीला त्यांनी ती वाजवली. मीही रडले, मूर्खासारखी.

तीन वर्षांनी मी नवऱ्याचं घर सोडून परत आले. आबा उंबऱ्यात बसले होते. "आलीस," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले. त्याला आता अकरा वर्षं झाली. आई होती तोवर आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं, ती गेल्यावर तेही बंद पडलं. मी भाकरी वाढते, ते जेवतात. 'बरं झालं आलीस' एवढं एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला. दुसरं काही नको होतं.

यंदा त्यांची फुफ्फुसं गेली. डॉक्टरांनी फुंकायला साफ मनाई केली. त्या संध्याकाळी ते आपणहून बोलले.

"ती चाल कुठल्या पलटणीची, बघ की जरा. तुला इंग्रजी येतंय."

येतंय. शाहूपुरीतल्या एका क्लासमध्ये मी तेच शिकवते. पण आबांना हे ठाऊक आहे, हेच मला नवीन होतं.

घरात माहिती एवढीच होती. आबांचे आजोबा जोतीराम बेळगावच्या छावणीत एका आयरिश पलटणीकडे पाणक्या होते. साहेबांची पलटण म्हणायची, पण शिपाई सगळे घरी खायला नाही म्हणून इंग्रजाची बंदूक धरलेले. त्यातल्या एकानं जोतीरामांना जुनी मशक दिली. चाल त्यांनी कानानं उचलली. पुढे आयर्लंड वेगळं झालं, पलटण मोडली, आणि चाल उरली ती आमच्या गावच्या लग्नांत.

माझ्याच लग्नाच्या व्हिडिओतला तो तुकडा मी आयर्लंडमधल्या एका लहानशा संग्रहालयाला पाठवला. दोन महिन्यांनी तिथल्या बाईंचं पत्र आलं. ही पलटणीची मयताची चाल, त्यांनी लिहिलं होतं. पटकीनं माणसं मरायची तेव्हा छावणीपासून दफनभूमीपर्यंत हीच वाजायची. माती दिल्यावर परतताना मात्र दुसरी चाल असे, झपाझप चालायची, जिवंत माणसांना घरी आणायची. ती तुमच्याकडे आहे का? नसली तर तिचं रेकॉर्डिंग मेलवर पाठवत आहे.

शंभर वर्षं आम्ही गावच्या पोरी मयताच्या चालीवर सासरी धाडल्या होत्या. म्हाताऱ्याला सांगावं की नाही, दोन दिवस घोळ घातला. शेवटी रागच जिंकला. म्हटलं, कळू दे.

पत्रातलं मयतापर्यंतचं मी आबांना मराठीत वाचून दाखवलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "आज्ज्यानं सांगितलं हुतं, मड्याची हाय म्हणून. त्यो म्हणायचा, पोरगी उंबऱ्याभाईर पडली की घराला मेलीच. मग दुसरी कुठली वाजवायची?"

"आणि माझ्या वेळी?"

"ठावं असून वाजवली."

मी उठले. भांडण ओठावर आलं होतं. आबांनी पत्राकडे बोट केलं.

"म्होरं वाच की."

मी परतीच्या चालीचं वाचलं. त्यांनी तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

"परतीची बी हुती? मग आज्ज्यानं ती कशी उचलली न्हाय?"

उत्तर त्यांनाच सापडलं. पाणक्या मयताबरोबर जायचा, पण पलटणीबरोबर परतायचा नाही. माती बसावी म्हणून पाणी मारायला मागं थांबायचा. तो मोकळा होईतोवर पलटण लांब गेलेली असायची. जाण्याची चाल आमच्या घरात आली, येण्याची वाटेतच राहिली.

"लाव," आबा म्हणाले. मी मोबाइलवर ती लावली. आठवडाभर ते तीच ऐकत होते, बोटं गुडघ्यावर आपटत.

रविवारी सकाळी त्यांनी खुंटीवरची मशक काढायला लावली. पिशवी वाळून तडकली होती. त्यांनी बोटांची नळी तेवढी सोडवून घेतली.

"फाटकापतूर जा. आन् परत ये."

"कशाला?"

"जा म्हणतोय न्हवं."

गेले. फाटकाला हात लावून मी वळले. आबा उंबऱ्यात बसले होते, अकरा वर्षांपूर्वी बसले होते तिथंच. नळी तोंडाला लावलेली नव्हती. नुसती बोटं भोकांवर पडत होती, उठत होती, झपाझप. आवाज काहीच नव्हता. मध्येच एक बोट चुकलं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि मीही वाटेत थांबले, ते सुरुवात करीपर्यंत. मग चालत आले.

पोचले तेव्हा न फुंकताच त्यांना धाप लागली होती.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "तवाच म्हणायचं हुतं. आमच्याकडं चालच न्हवती गं."

मला रडू आलं आणि संतापही आला. आई हे ऐकायला नव्हती. माझी तिशी या घरात मुक्यानं सरली होती.

"एवढं म्हणायला चाल लागत न्हाय, आबा."

त्यांनी नळी मांडीवर ठेवली.

"न्हाय लागत," ते म्हणाले, आणि मान खाली घालून तिथंच बसून राहिले.